कोगाची फेक बघताय ना, मग बार्सिलोनाची फायनलही बघा

जपानचा ज्युदोपटू तोशिहिको कोगा मार्च 2021 मध्ये कॅन्सरने गेला. वय अवघं 53. त्याच्या फेकीचे व्हिडिओ मात्र आजही यूट्यूबवर आणि इन्स्टावर जोरात फिरताहेत. ज्युदोची एकही मॅच न पाहिलेली पोरं ते एकमेकांना पाठवतात आणि मला याचा मनापासून आनंद होतो.

कुस्ती बघत वाढलेल्या माणसाला ही फेक लगेच ओळखू येते. धोबीपछाडच की! डाव्या हाताची पकड पक्की, उजवा हात समोरच्याच्या काखेत, गर्रकन वळून पाठ द्यायची, गुडघ्यांत वाकून त्याच्या खाली शिरायचं, की गडी खांद्यावरून पलीकडे आणि पाठ मॅटवर. ज्युदोत याला इप्पोन सेओइ नागे म्हणतात. ती कोगाइतकी देखणी कुणी मारली असेल असं मला वाटत नाही.

तक्रार आहे ती रीलबद्दल. रील सुरू होते तीच मुळी फेकीपासून. त्याआधी कॉलरसाठी चाललेली झटापट, सोडवलेले हात, फसलेले दोन-तीन प्रयत्न, सगळं कापलेलं. मग पोरांना वाटतं की ही निव्वळ चपळाई. क्लासमध्ये ती थेट फेकच मारायला बघतात, पकडीचा सराव त्यांना कंटाळवाणा वाटतो.

1990 ची ऑल जपान स्पर्धा घ्या. तिथे वजनगट नसतात. पंच्याहत्तर किलोच्या आसपासचा कोगा एकेका धिप्पाड गड्याला मागे टाकत फायनलला गेला आणि तिथे सुमारे 130 किलोच्या नाओया ओगावाकडून हरला. हरलेली फायनल कोण कशाला शेअर करील? पण कोगा काय चीज होता हे मला त्या स्पर्धेत जास्त दिसतं.

आणि 1992 चं बार्सिलोना. ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना हिदेहिको योशिदाबरोबर सराव करताना त्याचा डावा गुडघा गेला. योशिदा त्याचा धाकट्या भावासारखा. सराव बंद, आणि वजन तर 71 किलोत बसवायचंच. योशिदाने 78 किलोत सुवर्ण जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी वेदनाशामक इंजेक्शनं घेऊन कोगा उतरला. फायनलला हंगेरीचा बर्तालन हायतोश. त्या लढतीत रीलमध्ये टाकण्याजोगी फेक नाहीच. पूर्ण वेळ संपली आणि पंचांनी कौल कोगाला दिला. त्या गुडघ्यावर तो एकेक सेकंद कसा उभा राहिला ते बघा, पुढे सरकवत नेऊ नका.

जाता जाता एक सांगतो. 1952 ला हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं, त्या गटातलं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने नेलं. तो मुळातला ज्युदोवालाच. युद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. त्यामुळे हे सगळं आपल्याला परकं मानायचं कारणच नाही.

निवृत्तीनंतर कोगाने कावासाकीत स्वतःची ज्युदो शाळा काढली. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या अयुमी तानिमोतोने 2004 ला अथेन्समध्ये आणि 2008 ला बीजिंगमध्ये, दोन्ही वेळा 63 किलोत सुवर्ण जिंकलं. तिच्या लढतीही शोधून बघा. आणि कोगाची रील पुढे पाठवाल तेव्हा सोबत बार्सिलोनाची अख्खी फायनल पाठवा, विशेषतः ज्यांची मुलं ज्युदोला जातात त्यांना.