तू जरा गॅरेजमध्ये जातोस का?

आमच्या ॲन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आणि मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममधल्या जागा १,०७,६०१. म्हणजे शनिवारी गावात सामना असला की तान्ही बाळं, ड्यूटीवरच्या नर्सेस आणि मी, एवढेच बाहेर उरतो असा हिशेब निघतो. प्रत्यक्षात गर्दी बरीचशी बाहेरगावची असते. ती आमच्या गल्लीत गाड्या लावते, शेजारी आपल्या हिरवळीवर पार्किंगचे पैसे गोळा करतात, आणि जो भेटेल तो 'गो ब्लू' म्हणतो, कारण संघाचा रंग निळा. वारीत 'माउली' म्हणतात तसं. उत्तरही तेच द्यायचं असतं, हे मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. मी 'थँक्यू' म्हणायचो.

खेळ कळायला चार मोसम गेले. दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. मध्ये मध्ये सगळे घोळका करून कुजबुजतात, पट्टेवाले पंच चर्चा करतात, जाहिराती लागतात, आणि तीन तासांनी कळतं की प्रत्यक्ष काम फार थोडं झालं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा पुनर्विकास ह्याच नियमांनी चालू आहे. त्यामुळं एकदा समजल्यावर मला खेळ एकदम घरचा वाटला.

पण मी त्याला घरचा वाटलो नाही.

१७ ऑक्टोबर २०१५. घरात घट बसलेले. सामना मिशिगन स्टेटशी, म्हणजे आमच्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाशी, भाऊबंदकीतला. आम्ही २३-२१ असे पुढं, दहा सेकंद उरलेली. आमच्या पंटरनं, म्हणजे चेंडू लाथेनं लांब धाडणाऱ्या गड्यानं, तो लाथाडायचा आणि घरी जायचं, एवढंच काम. त्याच क्षणी मी चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्यात आलो आणि तोंडातून निघून गेलं, "चला, जिंकलो म्हणायचं!"

पंटरच्या हातून चेंडू सुटला. तो उचलून लाथ मारायला गेला तर गर्दीत उडाला, आणि उडाला तो थेट मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो ३८ यार्ड पळाला. घड्याळ संपलं, सामना संपला, २७-२३. त्या पळण्याच्या शेवटी पोराचा खुबा जायबंदी झाला, पण त्याच्या नावावर चमत्कार तरी जमा झाला. माझ्या नावावर चहा जमा झाला. नऊ वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "बाबा, तू बोललास म्हणून झालं."

आता ह्याला मीच जबाबदार. लहानपणी आमच्या वाड्यात क्रिकेट बघताना 'कोणी जागेवरून हलायचं नाही' हा कायदा होता, आणि एका काकांना तर फलंदाजी चालू असेपर्यंत बाल्कनीत उभं करत. हे मीच पोराला रंगवून रंगवून सांगितलं होतं. 'पनवती' हा शब्दही मीच शिकवला. मराठी शाळेत 'अनुस्वार' शिकायला त्याला दोन वर्षं लागली, 'पनवती' एका दुपारी आला.

पुढल्या वर्षी २६ नोव्हेंबरला कट्टर वैरी ओहायो स्टेटविरुद्ध मी जिन्यात बसून कठड्यातून बघत होतो. दोन जादा डाव झाले. ओहायोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा मुख्य गडी, एक यार्ड पुढं गेला की नाही, हे पंचांना इंचात मोजावं लागलं. गेला असं ठरलं आणि आम्ही ३०-२७ हरलो. जिन्याची पायरी करकरली आणि मी पकडला गेलो. त्या रात्री घरात ठराव झाला: मोठ्या सामन्यांना बाबानं टीव्हीच्या खोलीत थांबायचं नाही. सूचक चिरंजीव, अनुमोदक बायको.

ठरावाला फळ यायला पाच वर्षं लागली, पण आलं ते घसघशीत. ओहायोला २०२१ साली हरवलं ४२-२७, मी जवळच्या कँटन गावी कढीपत्ता आणायला गेलो होतो. २०२२ साली ४५-२३, मी पानं झाडत होतो. २०२३ साली ३०-२४, तेव्हाही पानं. झाडाखाली एकही उरलं नव्हतं, मी शेजाऱ्याची झाडली. इथं पार्टीत लोक विचारतात, "२०२१ ला बर्फात आपल्या हॅस्किन्सनं पाच टचडाऊन केले तेव्हा तू कुठं होतास?" मी म्हणतो, "बिलाच्या रांगेत."

तेव्हा सगळ्यांना पाठ असलेलं काहीच मी पाहिलेलं नाही. मला परवानगी होती ती कोणालाच आठवत नसलेल्या सामन्यांची. पण सांगतो, माल तिथंच होता.

२१ नोव्हेंबर २०२० घ्या. कोविडचा मोसम. त्या वर्षी आम्ही एकूण सहा सामने खेळलो आणि चार हरलो. ओहायोचा सामना रद्द झाला तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी देवापुढं गुपचूप साखर ठेवली. अशा वर्षी रात्रीचा सामना, रटगर्स विद्यापीठाशी, न्यू जर्सीत, जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये. घरचे म्हणाले, "तुला बघायचा तर बघ, आम्ही झोपतो." मी आवाज बंद करून एकटा बसलो. बघता बघता ०-१७. म्हटलं, आपला गुण अगदी चोख आहे. तेवढ्यात प्रशिक्षकांनी क्वार्टरबॅक बदलला आणि केड मॅकनमारा नावाचा पोरगा आत आला. आधी तो बहुतेक बाकावरच असायचा. त्यानं शांतपणे, वाण्याच्या दुकानातल्या मुलासारखं, एकेक पुडी बांधायला सुरुवात केली. सामना बरोबरीत गेला, मग जादा डाव, मग दुसरा, मग तिसरा. ४८-४२, आम्ही.

मध्यरात्रीच्या सुमाराला मी बायकोला हलवलं. "जिंकलो!"

"कोण?"

"आपण. रटगर्सशी."

"मग त्यात काय?" ती कुशीवर वळली.

बरोबर आहे, त्यात काहीच नव्हतं. पण पुढल्या मोसमात ओहायोला हरवणाऱ्या आणि २००४ नंतर पहिल्यांदा बिग टेन ह्या आमच्या विद्यापीठांच्या साखळीचं विजेतेपद आणणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक हाच. त्याची मुंज मी एकट्यानं पाहिली. लग्नाला सगळं गाव होतं.

दुसरी आठवण नेब्रास्काची. ९ ऑक्टोबर २०२१, लिंकन शहरात, रात्री. सामना मोठा की छोटा ह्यावर घरात एकमत होईना, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात रविवारची सकाळ, नवरात्रातली, तिच्या हातात फुलपुडी. फोन टेबलावर टेकवून ठेवला होता, त्यामुळं तिला मी दिसत नव्हतो, टीव्ही दिसत होता. २९-२९, दोन मिनिटंसुद्धा उरलेली नाहीत, चेंडू नेब्रास्काकडे. त्यांचा क्वार्टरबॅक मार्टिनेझ मधून घुसला, ढकलाढकलीत अडकला, पण पडेना. आणि आमच्या ब्रॅड हॉकिन्सनं त्या झोंबाझोंबीत त्याच्या कुशीतला चेंडू ओढून घेतला. स्वच्छ. लोकलमध्ये चौथी सीट मिळवावी तसा.

"अरे, त्यानं हिसकावून घेतला की!" आई फोनमधून ओरडली. "हे चालतं?"

"चालतं, आजी," चिरंजीव म्हणाले.

"मग सगळेच का नाही करत?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. पुढं आमच्या किकर जेक मूडीनं ३९ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे खांबांमधून लाथेनं तीन गुण, आणि ३२-२९. किक सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण किकचा व्हिडिओ छान दिसतो. हिसकावणं तसं दिसत नाही, त्याला गर्दीत शिरलेला माणूसच लागतो. त्या रात्री मी खोलीत असूनही जिंकलो हा मुद्दा मी मांडला, पण श्रेय आईच्या फुलपुडीला गेलं.

मग इलिनॉय. १९ नोव्हेंबर २०२२. ऑफिसातल्या एकाला थंडी बाधते म्हणून दोन तिकिटं माझ्या पदरात पडली. पुढच्याच शनिवारी ओहायो असल्यामुळं सगळ्यांचं चित्त तिकडं. इलिनॉयशी कोण हरतंय, म्हणून मला मुलाबरोबर जायला मंजुरी. दोन थर्मल, वर स्वेटर, वर जॅकेट. बसलो तो कापसाच्या गाठोड्यासारखा, आणि बाकाची थंडी तरीही हाडात पोचली. मध्यंतराच्या आधीच आमच्या ब्लेक कोरमचा गुडघा दुखावला. तिसरा भाग संपला तेव्हा आम्ही १०-१७ मागं. एक लाख माणसं गप्प होती आणि त्यातलं एक जण माझ्याकडे बघत होतं.

"बाबा, डोळे मीट."

मी मिटले. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये डोळे मिटून बसायला धैर्य लागतं. शेजारच्या आजींना वाटलं मला भोवळ आली, त्यांनी बिस्किट पुढं केलं. आवाजावरून कळत होतं की मूडी एकेक किक मारतोय. १३. मग १६. शेवटची चाल सुरू झाली आणि चौथी संधी, तीन यार्ड हवेत, नाही मिळाले तर खेळ खलास. आता ह्या वेळी कोण डोळे मिटून बसेल? मी एक उघडला. आणि त्या एका डोळ्यानं पाहिलं की आमच्या क्वार्टरबॅक मॅकार्थीनं चेंडू फेकला आयझेया गॅशकडे. गॅश कोण, हे आजूबाजूच्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. शिष्यवृत्ती नसलेला, आपल्या हिमतीवर संघात आलेला. पुढचे गडी जायबंदी म्हणून आत आलेला. बदलीचा बदली. त्यानं तो चेंडू धरला. बस, एवढंच. मग नऊ सेकंद उरलेली असताना मूडीनं ३५ यार्डांवरून चौथा फील्ड गोल मारला, १९-१७, आणि गाव नाचलं. मूडी पुढं व्यावसायिक संघात गेला. गॅशचं नाव काढलं की आजही लोक म्हणतात, "कोण?" मी खुलासा करत नाही. एक डोळा उघडा होता हे पोराला कळेल.

२०२३ च्या दिवाळीची गोष्ट वेगळी. ११ नोव्हेंबर, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, चकल्या व्हायच्या होत्या. सामना पेन स्टेटशी, म्हणजे मी हद्दपार. पण आमचं स्वयंपाकघर आणि दिवाणखाना ह्यांच्यात भिंत नाही. 'स्वयंपाकघरातून दिसलं तर ते बघणं होत नाही' असा अर्थ मी ठरावातून काढला, आणि सोऱ्या हातात असल्यामुळं कोणी हरकत घेतली नाही. आदल्या दिवशीच बिग टेननं आमचे प्रशिक्षक हारबॉ ह्यांना निलंबित केलेलं. धुरा शेरोन मूर ह्यांच्यावर. त्यांनी काय करावं? उत्तरार्ध आला आणि त्यांनी चेंडू फेकणंच बंद केलं. घ्यायचा, पोटाशी धरायचा, घुसायचं. परत घ्यायचा, घुसायचं. सलग ३२ वेळा!

समालोचक हैराण झाले. मला मात्र पहिल्यांदाच हा खेळ आतून कळला. मी भरत होतो, दाबत होतो, गोल फिरवत होतो. ते भरत होते, दाबत होते, पुढं सरकत होते. मध्येच एखादी चकली तुटली तर त्यांचीही एखादी चाल दोन यार्डांतच संपायची. शोभा शून्य, पण घाणा तयार. २४-१५. शेवटी मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले आणि रडता रडता चार शिव्या हासडल्या. मीही रडलो असतो, पण माझ्याजवळ गरम तेल होतं.

आणि १ जानेवारी २०२४, रोझ बोल, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाचा उपांत्य सामना, अलाबामाविरुद्ध. ह्या दिवशी मला थेट गॅरेजमध्ये पाठवलं. "तू जरा गॅरेजमध्ये जातोस का?" असं बायकोनं इतक्या गोड आवाजात विचारलं की नाही म्हणण्याची सोयच उरली नाही. मी हिटर लावून जुने डबे लावत बसलो. आतून आरडाओरडा आला. कळलं, २०-२० झाले. मग बराच वेळ शांतता. मला वाटलं, एकदा नुसतं पाणी प्यायचं निमित्त करू. मी दार उघडलं.

मिनिटसुद्धा उरलं नव्हतं. अलाबामानं पंट केलेला चेंडू खाली येत होता, आपल्याच गोलरेषेजवळ जेक थॉ तो झेलायला उभा, आणि माझा पाय उंबऱ्यावर पडला त्याच क्षणी चेंडू त्याच्या हातून निसटला. तो मागं वळला, झेपावला आणि चेंडूवर पडला, रेषेपासून फक्त एक यार्ड अलीकडे. आणखी थोडा मागं घसरला असता तर दोन गुण त्यांचे आणि आमची कहाणी संपली असती. खोलीतल्या सात माणसांनी टीव्हीकडे नाही, दाराकडे पाहिलं. मी पाणी न पिता दार लावलं.

पुढं जादा डावात अलाबामाची शेवटची चाल आमच्या पोरांनी दाबून टाकली, २७-२०, आणि आठवड्यानं ह्यूस्टनला वॉशिंग्टनवर ३४-१३. राष्ट्रीय विजेते. तेव्हाही मी गॅरेजातच होतो. डबे आकारमानानुसार लागले आहेत. त्या शेवटच्या चालीचं चित्र गावात भिंतीभिंतीवर आहे. थॉच्या त्या निसटलेल्या चेंडूचं कुठंच नाही, आणि माझ्या घरात तर त्याचा उच्चारही करत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की चेंडू निसटला तो मी दार उघडलं म्हणून, हे मान्य. पण सापडला तेव्हाही दार उघडंच होतं.

शेवटी २०२४. विजेत्या संघातले निम्मे गडी निघून गेलेले, प्रशिक्षक निघून गेलेले, आणि ३० नोव्हेंबरला ओहायोच्या घरी सामना. जाणकार म्हणत होते, वीसेक गुणांनी मार खाणार. चिरंजीव आता कॉलेजात जायच्या बेताला आलेले, ओठावर लव. त्यांनी मला खांद्याला धरून सोफ्यावर बसवलं. "बाबा, ये. नाहीतरी हरणारच आहोत."

नऊ वर्षांनी सोफ्यावर बसलो. संध्याकाळी लोक जेवायला येणार होते म्हणून बायकोनं मांडीवर लसणाची टोपली दिली. मी सोलत बसलो. ओहायोच्या किकरनं दोन फील्ड गोल वाया घालवले. मी सोलत राहिलो. ४५ सेकंद राहिली असताना आमच्या झ्वाडानं २१ यार्डांवरून चेंडू मारला, १३-१०, आणि आकडा तसाच राहिला. कोणी ओरडलं नाही. सगळे हळूहळू माझ्याकडे वळले, मग टोपलीकडे.

३१ डिसेंबरला पुन्हा अलाबामाशी सामना होता. मी शहाण्यासारखा आपणहून गॅरेजकडे निघालो, तर चिरंजीवांनी वाट अडवली. तोच सोफा, तीच बाजू, तोच न धुतलेला स्वेटर, मांडीवर टोपली. सामना १९-१३ जिंकलो. मध्यंतरात बाथरूमला जाऊ का विचारलं, तर बायको म्हणाली, "किती गड्ड्या राहिल्यात?"