किमचे एजंट म्हणे!

अण्णांनी काल फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, तोही खास माझ्या भाचीसाठी, कारण ती कोरियन भाषेचा क्लास करते. वर दोन शब्द, "बघ तुझे कोरियन". म्हणणं काय, तर कोरियन लोक आपसात भांडून वेगळे झाले, दक्षिणेतले चर्चवाले-एनजीओवाले सगळे उत्तर कोरियाच्या किमचे एजंट, त्यांच्या मदतीच्या पैशातून बॉम्ब झाला, आणि आता एकत्र येणं तिथे कुणालाच नकोय. पोरगी बिचारी मला विचारते, मामा खरंय का हे.

पहिलं लगेच संपतंय. ऑगस्ट १९४५ मध्ये ३८ अक्षांशावर कोरियाचे दोन तुकडे करणारी रेघ मारली ती अमेरिकेच्या दोन कर्नलांनी, नकाशा समोर ठेवून, घाईघाईत, एकाही कोरियन माणसाला न विचारता. भांडण म्हणजे युद्ध, ते झालं त्यानंतर, १९५० ला.

आता ते एजंट प्रकरण, ज्याने माझं डोकं फिरलं. मून इक-ह्वान नावाचे दक्षिणेतले पाद्री, वय सत्तर, मार्च १९८९ मध्ये सरकारची परवानगी न घेता उत्तरेच्या राजधानीत, प्योंगयांगला गेले, तिथला तेव्हाचा सर्वेसर्वा, म्हणजे आत्ताच्या किमचा आजोबा, किम इल-सुंगला भेटले, आणि परत येऊन विमान उतरल्या उतरल्या अटक. त्याच वर्षी लिम सू-ग्योंग ही कॉलेजची पोरगी विद्यार्थी संघटनेतर्फे तिकडच्या युवक महोत्सवाला गेली आणि १५ ऑगस्टला दोन्ही कोरियांमधली पानमुन्जोमची सीमा चक्क चालत ओलांडून घरी आली, म्हणजे थेट तुरुंगात, तीन वर्षांहून जास्त. अरे, एजंट असा दिवसाढवळ्या चालत येऊन बेड्या घालून घेतो का? आणि मूननी किमकडे मागितलं काय, तर दोन्ही कोरियांची मिळून एक डिक्शनरी! २००५ मध्ये दोन्हीकडचे भाषातज्ज्ञ खरोखर त्या कामाला एकत्र बसले. त्याआधी फेब्रुवारी १९८८ मध्ये दक्षिणेतल्या चर्चच्या परिषदेने जाहीरनामा काढला होता, त्यात उत्तरेचा द्वेष केला हे आमचं पाप असं स्वतःच कबूल केलंय, आणि चारेक महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष रोह ते-वू स्वतः दोन्हीकडच्या लोकांच्या येण्याजाण्याची भाषा करायला लागले. आधी लोक बोलले, सरकार मागून आलं. आणि हे चर्चवाले-एनजीओवाले एवढे किमचेच होते तर जानेवारी २०२४ मध्ये आत्ताच्या किमने, किम जोंग-उनने, या लोकांशी बोलणाऱ्या स्वतःकडच्या संघटनाच का गुंडाळल्या?

मदतीचं म्हणाल तर उत्तरेतली योंगब्योनची अणुभट्टी १९८६ लाच सुरू होती, दुष्काळाची मदत १९९५ पासूनची. टीबीच्या गोळ्यांतून बॉम्ब होत नाही. पण हो, सगळी मदत भुकेल्यांपर्यंत पोचत नव्हती हे मान्य करावं लागतं, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत करणारी संस्था, ते लोक त्याच कारणाने १९९८ मध्ये तिथून निघून गेले. शिवाय उत्तरेकडून बोलायला येणारे सगळे सरकारी होते, त्यामुळे टाळी एका हाताचीच.

तरुणांना एकत्र येण्यात रस कमी झालाय हेही अर्धं खरंय, सोलच्या सर्व्हेंमध्ये दिसतं ते. पण "कुणालाच" नाही हो. सीमेपलीकडच्या भावाबहिणींना भेटायचंय म्हणून दक्षिणेत सव्वा लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली होती, त्यातले बहुतेक वाट बघत बघत वारले. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली, त्यानंतर एकही नाही. अण्णा, हे पण टाका की ग्रुपवर.