गढी सपाट करण्याआधी

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय. जेसीबी लावून गढी सपाट करायची आणि तिथं सभागृह बांधायचं. चुलतभाऊ लिहितो, "वाडा कधीच पडला. उरलाय नुसता मातीचा ढिगारा." मी विरोध केला, तर म्हणे, "तू लंडनला बसून शिकवू नकोस."

लंडनलाच बसून सांगतो. नॉर्थोल्टला सेंट मेरी चर्चशेजारी बेलव्ह्यू पार्क आहे, रविवारी मी तिथं जातो. एक चौकोनी उंचवटा, भोवती खंदक, वर गवत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की कडा उठून दिसतात. साधारण १२५० ते १३५० या काळात इंग्लंडभर जमीनदारांनी असे हजारो वाडे बांधले. खंदकाची माती आत टाकून चौथरा करायचा, त्यावर घर. शत्रूच्या भीतीपेक्षा रुबाबासाठी. नॉर्थोल्टच्या या उंचवट्यावरही असाच वाडा होता, त्याचा एक मालक लंडनचा महापौर निकोलस ब्रेंबर. १३८८ साली त्याला मृत्युदंड झाला. १९५० पासून पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी तिथं उत्खनन केलं, तर वाड्याच्याही खाली त्याहून जुनी सॅक्सन लोकांची वस्ती निघाली. घर गेलं, पण मातीनं सगळं धरून ठेवलं होतं.

'तिकडे जागा भरपूर,' असं भाऊ म्हणतो. साफ खोटं. इथं दोन खोल्यांसाठी आयुष्यभर हप्ते फेडावे लागतात, तरी त्या खंदकाला कुणी हात लावत नाही. इथल्या १९७९च्या पुरातत्त्व कायद्यानं संरक्षित जागेवर परवानगीशिवाय खणता येत नाही, मेटल डिटेक्टर फिरवणंही गुन्हा. आपल्याकडेही महाराष्ट्राचा १९६०चा असाच कायदा आहे, पण ज्या गढीची नोंदच नाही तिला त्याचा काय उपयोग?

आमच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं छत, गढीच्याच पांढऱ्या मातीचं होतं. पावसाआधी आजोबा बैलगाडी भरून आणायचे. एकदा भिंतीच्या लिंपणात निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा दिसला, तो मी नखानं उकरून काढला. अजून माझ्याकडे आहे. कुणाच्या हातातली बांगडी, किती वर्षांपूर्वीची, हे आमच्या गावात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

ते घर आम्ही विकलं. सहीलासुद्धा मी आलो नाही, मुखत्यारपत्र पाठवलं, आणि त्या पैशांत इथल्या घराचं डिपॉझिट भरलं. गावात आता माझ्या नावावर काही नाही. गढीसाठी एवढा जीव तुटतो तो त्यामुळेच, हे मला कळतं.

तरी सांगतो, जेसीबी आणण्याआधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्ववाल्यांना एकदा बोलवा. खर्च माझा. आणि या वेळी मुखत्यारपत्र नाही, मी स्वतः येतो.