निळा बर्फ, सपाट उतार आणि चार वेळा पडणं : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

उत्तराखंडातल्या औलीला मी स्कीइंग शिकलो, त्या व्हिडिओवर तुम्ही जे लिहिलं ते आधी इथं मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. "११ मिनिटांत पोरगा चार वेळा पडला, एवढंच दिसलं. उतार तं आमच्या वावरापेक्षा सपाट. बर्फ निळा. गाणं नाही, काही नाही. दोन मिनिटांत आटोपलं असतं. अन् कास्तकाराच्या पोरानं बर्फात पैसा घालण्यापेक्षा आपल्या भागातलं दाखवावं."

निळ्या बर्फाचं सोळा आणे खरं आहे. कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं धरून चालतो. सगळंच पांढरं दिसलं की त्याला उजेड जास्त झाला असं वाटतं, तो उजेड उतरवतो आणि बर्फ राखेसारखा होतो. त्यात मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर सोडला होता. सावलीतल्या बर्फावर निळ्या आभाळाचाच उजेड पडतो, तिथला निळेपणा खरा. पण उन्हातला बर्फही निळा आला ती माझी चूक. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा घेतो तो उजेड, थोडा वर आणि व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर, म्हणजे उन्हाच्या उजेडाच्या मापावर, पक्का करून निघायला हवं होतं. एडिटिंगमध्ये ओढून पांढरा करायला गेलो तर आभाळात पट्टे उमटले, म्हणून हात आखडता घेतला.

उताराचं मात्र कॅमेऱ्यानं केलं. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद असते. जवळचं मोठं करते, दूरचं आणखी दूर ढकलते. डोक्यावर कॅमेरा लावून सरळ खाली पाहत उतरलं की चौकटीत उभं असं काही राहतच नाही, नुसता पांढरा पट्टा. डोळ्याला मोजमाप मिळालं नाही की चढ-उतार कळत नाही. वरून स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र स्थिर ठेवणारी कॅमेऱ्यातली सोय, सगळे हिसके पुसून टाकतं. पहिल्या दिवशी हेल्मेटवरचं शूटिंग रात्री पाहिलं तेव्हा मलाही धक्का बसला होता. ज्या उतारावर पाय लटपटले तो खेळाच्या मैदानासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा छातीवर बांधला. नवशिक्या माणूस गुडघे वाकवून, पुढं झुकून उतरतो, त्यामुळे छातीवरचा कॅमेरा जमिनीकडे पाहायला लागतो. तो बराच वर कलवावा लागला. पण मग गुडघे आणि स्कीची, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब पट्ट्यांची, टोकं चौकटीत आली आणि वेग थोडा कळू लागला. ३:४० ला सहा सेकंदांचा एक शॉट आहे, माझ्यासोबत शिकणाऱ्या एकानं बाजूनं घेतलेला. त्यात देवदाराचं खोड सरळ उभं आहे आणि बर्फाची रेघ त्याला तिरपी कापत जाते. तिथं व्हिडिओ थांबवून बघा, काका. खरा उतार तेवढा आहे. असे शॉट मी आणखी घ्यायला हवे होते, हे कबूल.

आता लांबीचं आणि पडण्याचं.

तुम्हाला हवा तो दोन मिनिटांचा व्हिडिओ मी आधी बनवला होता. घरचा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, ४के क्लिप त्याच्यावर अडखळत चालतात. हलक्या प्रॉक्सी फाइल करून घेतल्या. दोनदा लाइन गेली, तीन रात्री गेल्या. तीन तासांच्या शूटिंगमधून २ मिनिटं २० सेकंद काढले. एकही पडणं नाही, दमदार संगीत, शेवटी मागं नंदादेवीचं शिखर. घरी बाबांना दाखवला. ते म्हणाले, "चांगलं आहे. पण तू पडला असशील ना? मग उठला कसा? पायाले तं त्या पट्ट्या बांधल्या होत्या."

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या व्हिडिओत कुठंच नव्हतं. आणि सात दिवसांत सगळ्यात आधी शिकलो ते तेच होतं. पडल्यावर दोन्ही स्की आपल्या खालच्या बाजूला आणायच्या आणि उताराला बरोबर आडव्या ठेवायच्या. जरा टोक खाली राहिलं की उठता उठता घसरलात. मग स्कीची वरच्या बाजूची कड बर्फात रुतवायची आणि हातानं रेटा देऊन उभं राहायचं. टाकून दिलेल्या क्लिपमधून हे शोधून बाबांना दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आपली उताराले आडवी पेरणीच की. पाणी थांबते तसा तू थांबला." बर्फ कधी न पाहिलेल्या माणसाला स्कीइंग कळलं ते त्या क्षणी. नंदादेवीच्या शॉटनं कळलं नव्हतं.

मग सगळं मोडून नव्यानं एडिटिंग केलं. पहिली पायरी स्नोप्लाऊ, म्हणजे बर्फातला नांगर: टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली, जितकी फाकवाल तितका ब्रेक. ते सुरुवातीला नीट दाखवलं. चारही पडणी ठेवली, कारण चारही वेगळी आहेत. पहिल्यांदा टोकं एकमेकांवर चढली, दुसऱ्यांदा घाबरून अंग मागं टाकलं, तिसऱ्यांदा वळताना वजन वरच्या पायावर राहिलं, चौथ्यांदा नजर पायाकडं गेली. पडतानाच्या क्लिपमध्ये होरायझन लॉक, म्हणजे कॅमेरा कलला तरी चित्र सरळ ठेवणारी सोय, मुद्दाम बंद ठेवला आहे. तो चालू असता तर मी आडवा होतानाही क्षितिज सरळच दिसलं असतं.

गाणं नाही तेही विचार करूनच. वाऱ्याचा घरघराट मी कमी केला, पण स्कीचा आवाज राहू दिला. सकाळी बर्फ रात्रभरात घट्ट झालेला असतो, त्यावर कड घासली की टिनावर फावडं ओढल्यासारखं वाजतं. दुपारी तोच बर्फ मऊ होतो आणि आवाज दबतो. आमचे शिकवणारे पाठ फिरवून उभे असले तरी त्या आवाजावरून ओरडायचे, "कड लागली नाही!" गाणं टाकलं तर हे सगळं जातं.

राहिलं पैशाचं. दोन हंगाम मोटर रिवाइंडिंगच्या कामातून साठवलेला पैसा होता, कॅमेरा जुना घेतलेला. घरातल्या पेरणीला त्यातून एक रुपयाही कमी पडला नाही. पण आपल्या भागातलं दाखव हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटलं. मे महिन्यात वखरणीचं शूटिंग करून पाहिलं होतं. २० मिनिटांत कॅमेरा तापून बंद पडला. औलीत उलट, थंडीनं बॅटरी झोपायची आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली की परत जिवंत व्हायची. पावसाळ्यात डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीच्या वेळी उन्हाची ती अडचण राहणार नाही. छातीचा पट्टा आहेच, डवऱ्यामागं चालताना बैलाची पाठ आणि पिकाची तासं एका चौकटीत येतात का ते बघायचं आहे. तुमच्याकडं बैलजोडी असेल आणि चालणार असेल तर मी येतो.

रंग सुधारलेला औलीचा व्हिडिओ या रविवारी टाकतो. लांबी ११ मिनिटंच राहील.