पासष्ट इमारती आणि अण्णाची मिसळ

रविवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या भागशाळा मैदानाच्या कट्ट्यावर आम्ही पाच जण. विषय अण्णाने काढला: बनावट परवानगीवर उभ्या राहिलेल्या, कोर्टाने पाडायला सांगितलेल्या गावातल्या पासष्ट इमारती.

"पासष्ट इमारतीवाले आता रडतायत कशाला? घर घेताना डोळे उघडे ठेवायचे होते."

अण्णा आमच्याच वर्गातला. सातवीपासून सगळ्यांना सल्ले देतो, म्हणून अण्णा. वंदूचा भाचा त्या पासष्टांतल्याच एका इमारतीत राहतो, हे त्यालाही माहीत होतं.

वंदू आवाज न चढवता म्हणाली, "रेराचा, म्हणजे सरकारी गृहप्रकल्प नोंदणीचा, नंबर होता. बँकेने कर्ज दिलं. स्टॅम्प ड्यूटी सरकारने मोजून घेतली. डोळे कुणी उघडे ठेवायचे होते, सांग."

"पण महापालिकेची परवानगीच बनावट होती ना!"

"ती रेराला ओळखता आली नाही, बँकेच्या वकिलाला आली नाही. माझ्या भाच्याने ओळखायची? तू स्वतः बँकेत आहेस. तुमच्याकडे फाइल आली असती तर पकडली असतीस?"

अण्णाने चष्मा पुसायला घेतला. अडचणीत आला की तो चष्मा पुसतो आणि मग संस्कृतीवर येतो. आलाच. "पूर्वीची डोंबिवली राहिली नाही. गणेश मंदिर, पाडव्याची स्वागतयात्रा, फडके रोडवरची दिवाळी पहाट..."

"अण्णा, तुझी सांस्कृतिक नगरी आमच्या भातशेतांवर उभी आहे," पाटील म्हणाला. तो डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांतला. "आणि आमची गावं? १९८३ ला महापालिकेत घेतली, २००२ ला बाहेर काढली, २०१५ ला परत घेतली. आम्ही काय उसनी पातेली आहोत? मधल्या तेरा वर्षांत ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर किती बांधकामं उठली, कुणी मोजली? बांधणाऱ्यांत आमचेही होते, नाही म्हणत नाही. पण विकत घेणारा दिव्यापासून कर्जतपर्यंत परवडणारी खोली शोधून थकलेला असायचा."

मला हे मनापासून पटतं. आमचे वडील १९७४ साली दादरची दहा बाय बाराची खोली सोडून इथे आले. पाणी विहिरीचं, पावसात चपला हातात घेऊन स्टेशन गाठायचं. घराचे कागद त्यांनी तपासले नव्हते. घरमालक सज्जन दिसतो, एवढं बघून पैसे दिले. तो खरंच सज्जन निघाला म्हणून आम्ही आज कट्ट्यावर बसतो. मुंबईने ज्यांना जागा दिली नाही त्यांनी हे गाव वाढवलं, तेव्हाही आणि आताही. कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडायला सांगितलं, ते कायद्याने असेल. पण हप्ता भरणाऱ्याला "तुझीच चूक" म्हणताना जीभ कशी रेटते?

"अण्णा, तुझ्या बिल्डिंगला ओसी आहे?" बंड्याने मध्येच विचारलं. ओसी म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला.

"आमची गोष्ट वेगळी आहे. चाळीस वर्षांपूर्वीची इमारत. तेव्हा कोण ओसी बघत होतं?"

"ऐकलंत?" वंदू म्हणाली. "चाळीस वर्षं झाली की 'तेव्हा कोण बघत होतं'. पाच वर्षंच झाली तर बुलडोझर."

"याची गोष्ट नेहमीच वेगळी," बंड्या सुरू झाला. "नववीत भूगोलाच्या पेपरला चिठ्ठी सापडली, तेव्हाही काय म्हणाला? ती चिठ्ठी नाही, उजळणी आहे!"

"ती तुझ्याकडूनच घेतली होती," अण्णा पहिल्यांदाच तडकून बोलला.

"आणि कोपर पूल?" पाटीलला जुनं उधार आठवलं. "२०१९ ला पूर्व-पश्चिम जोडणारा तो पूल बंद झाला, तेव्हा पूर्वेकडे बसून फोन केलास, उघडला की सगळ्यांना मिसळ. उघडला २०२१ ला. अजून तर्रीचा वाससुद्धा नाही."

"देणार म्हटलंय ना, देणार!"

"तोंडी नको. लेखी दे. आणि खाली रेराचा नंबर घाल."

अण्णासकट सगळे हसायला लागले. वंदू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे टिपून तिने फोन काढला. "कुठे आहेस रे? ये भागशाळेपाशी. अण्णामामा मिसळ देतोय, आजच."