गाडीला रॅप करायचाय? फक्त भाव विचारा

आमच्या फरसाणच्या छोटा हत्तीला गेल्या दिवाळीत रॅप करून घेतला, म्हणजे जाहिरात छापलेली चिकट फिल्म अंगभर लावून घेतली. मे महिन्यापर्यंत ‘शुद्ध शेंगदाणा तेलातील’ यातला ‘शुद्ध’ सोलून पडला. आता उरलेला मजकूर घेऊन गाडी अख्ख्या अकोल्यात फिरते. हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून तुमच्यासाठी थोडे सल्ले.

स्क्वेअर फुटाचा भाव विचारा आणि गप्प बसा. जास्त प्रश्न विचारले की रेडियमवाल्याला वाईट वाटतं.

फिल्म कास्ट (ओतलेली) की कॅलेंडर्ड (लाटलेली), हे तर चुकूनही विचारू नका. तो तुकडा बोटांत धरून दाखवेल, “बघा भाऊ, कशी जाड आहे! इम्पोर्टेड!” तुम्ही मान डोलवा. जाड म्हणजे टिकाऊ, हा सतरंजीचा नियम इथेही लावा. कास्ट असते साधारण 50 मायक्रॉनची, कॅलेंडर्ड 70-80 आणि त्याहून जाड. म्हणजे पातळ ती महाग! हे कुणाला पटेल? आमच्या कारखान्यातल्या पोराला लगेच पटलं. मैद्याची पुरी लाटली की आखडते, धिरडं ओतलं की तिथंच राहतं, हे तो रोज बघतो. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरमधून लाटून काढतात, तो ताण तिच्या अंगात राहतो आणि ऊन लागलं की ती मागे ओढते. कास्ट पातळ ओतून भट्टीत पक्की करतात, तिला ओढायचं कारणच नसतं. सपाट बोर्डाला, चार महिन्यांच्या जाहिरातीला लाटलेली चालते, कोण नाही म्हणतं? पण हौद्याच्या पत्र्याला पन्हळी असतात हो! त्या खाचांत हीच फिल्म ताणून बसवली, हीट गन फिरवली, फोटो काढला, पैसे मोजून घेतले. मग आलं आमचं 45 अंशांचं ऊन, आणि प्रत्येक खाचेवर तंबू उभा राहिला. गाडी धुतली की तंबूत पाणी.

फिल्मवर छापलेली शाई पूर्ण वाळल्यावरच लॅमिनेशन, म्हणजे वरचं पारदर्शक आवरण, करायचं असतं, त्याला निदान एक दिवस जातो. तुम्ही “संध्याकाळी गाडी पाहिजे” म्हणा.

वाढीव कडा गाडीवरच ब्लेडनं कापू द्या. रंगावर चीर पडली तर पावसाळ्यात गंज धरतो, तेवढीच गाडीला नवी शेड.

बिल? छे. “आपण घरचेच आहोत” एवढ्यावर वॉरंटी संपूर्ण आयुष्याची.

तक्रार घेऊन गेलो तर दुकानदार मलाच विचारतो, “गाडी उन्हात उभी करता का?” अरे, टेम्पो आहे तो! देव्हाऱ्यात ठेवू? वैशाखात माल पोचवायचा की गाडीवर छत्री धरायची? स्वस्तातला माल लावलास तर तसं सांग ना तोंडानं, मी ठरवीन घ्यायचा की नाही. लाटलेली फिल्म लावून ओतलेलीचे पैसे घेणं याला धंदा म्हणत नाहीत.

आणि तुम्हीही कमी नाही. फुटामागं पाच रुपये तोडायला तासभर घासाघीस करता, पण रोल उलटा करून बघत नाही. नावाजलेल्या कंपन्या मागच्या कागदावर आपलं नाव छापतात. मीही तेव्हा बघितलं नाही, चहा पीत बसलो होतो. तुम्ही तो चहा नंतर प्या. आधी कागद वाचा, त्यावरचं नाव बिलावर लिहून घ्या, आणि मगच चावी द्या.