कार्डावरच्या चार ओळी

काल, 11 डिसेंबर 2025 ला, रात्री भांडी घासता घासता फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. चार ग्रुपवर एकच बातमी. मायकेल मा गेला. इथला, कॅनडातल्या मार्कम-युनियनव्हिलचा, आपल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा एमपी. एप्रिलमध्ये निवडून आला, अजून आठ महिने झाले नाहीत, आणि आता सत्ताधारी लिबरल पक्षात. आदल्याच संध्याकाळी आपल्या पक्षाच्या ख्रिसमस पार्टीत होता, आपले नेते पॉलिएव्ह यांच्याबरोबर फोटो आहे त्याचा. आणि काल लिबरल पंतप्रधान कार्नींच्या पार्टीत टाळ्या घेत होता.

झोप आली नाही म्हणून लिहायला बसलेय. लांबेल.

आधी राग आला तो त्याचाच, खोटं कशाला बोलू. मार्कमची माझी मैत्रीण गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना त्याच्यासाठी दारोदार फिरली. थोडक्या मतांनी आलेली जागा ती. अशा जागेतलं एकेक मत कोणीतरी पायऱ्या चढून, बेल वाजवून आणलेलं असतं. ते मत घेऊन तुम्ही पलीकडे जाऊन बसता? एप्रिलमध्ये लोकांनी लिबरलांना 169 जागा दिल्या होत्या. मा गेल्यावर त्यांच्याकडे 171 झाल्या, बहुमताला 172 लागतात. वरचे दोन आपल्या घरातून गेले. नोव्हेंबरात बजेटच्याच दिवशी नोव्हा स्कोशियाचा क्रिस दॉन्त्रमाँ, आणि आता हा.

सांगलीहून मामेभावाचा मेसेज आला, "ताई, तुमच्याकडे पण गुवाहाटी झालं का?" त्याला सांगितलं, इथे हॉटेलं लागत नाहीत रे. पक्षांतरबंदी कायदाच नाही. आपल्याकडे 1985 साली आला, इथे कधीच आला नाही. दुपारी एका बाकावर, संध्याकाळी दुसऱ्या, खासदारकी जशीच्या तशी. पोटनिवडणूक नाही, काही नाही. माझ्या मते असायला हवी. ज्याला जायचंय त्यानं राजीनामा द्यावा आणि परत लोकांपुढे यावं. यावर माझ्याशी वाद घालू नका, मत बदलणार नाही.

पण रात्री दोनला डोळे उघडे ठेवून पडले होते तेव्हा डोळ्यांपुढे मायकेल मा नव्हता. ते आजोबा होते.

एप्रिलचा पहिला शनिवार. ट्रम्पचा गाड्यांवरचा 25 टक्के कर नुकताच, गुरुवारी, लागू झाला होता. आमच्या राइडिंगचा, म्हणजे मतदारसंघाचा, उमेदवार, मी आणि कॉलेजातला एक मुलगा असे तिघं फिरत होतो. फुटपाथच्या कडेला काळा पडलेला बर्फ, बुटांत पाणी. फोनवरच्या यादीत त्या घरापुढे पक्क्या मतदाराची खूण होती. अंगणात आपल्या पक्षाची निळी पाटीही लावलेली. आजोबांनी दार उघडलं. पायात लोकरीच्या सपाता, हातात चष्मा. आत या म्हणाले नाहीत, पण दार पूर्ण उघडून उभे राहिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. मुलगा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, सोमवारपासून येऊ नको म्हणालेत, तुम्ही काय करणार?

आता ऐका. येताना गाडीत हा आमचा उमेदवार अर्धा तास याच विषयावर बोलत होता. स्वतः धंदा करणारा माणूस, सीमेपलीकडे माल पाठवणारा. कोणता भाग किती वेळा पूल ओलांडून अमेरिकेत जातो आणि परत येतो, कर कुठे कुठे लागेल, कामगारांना तोवर कसं धरून ठेवायचं, सगळं त्याच्या जिभेवर होतं. मी मनात म्हटलं होतं, हा माणूस ओटावात जायलाच हवा.

दारात मात्र त्यानं खिशातल्या कार्डावरच्या चार ओळी म्हटल्या. त्यात कार्बन टॅक्स, म्हणजे इंधनावरचा कर, घालवण्याचं वचन होतं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तो तर मंगळवारी गेला."

खरंच गेला होता. कार्नींनी 1 एप्रिलपासून ग्राहकांवरचा कार्बन टॅक्स शून्य केला होता, पेट्रोल स्वस्त झालेलं पंपावर दिसत होतं. आमचा उमेदवार एक क्षण थांबला. मला वाटलं आता बोलेल. त्यानं पुन्हा कार्डावरची पुढची ओळ म्हटली. आजोबांनी "थँक यू" म्हणून दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं, कडी सरकल्याचा आवाज आला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, अरे, गाडीत बोलत होतास ते का नाही सांगितलंस? स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत तो म्हणाला, "कार्डाबाहेर बोलायचं नाही असं वरून सांगितलंय." पन्नाशीचा माणूस, कारखाना चालवलेला. शाळेतल्या मुलासारखं बोलला.

शिस्त लागते, मान्य. मी काही कालची आले नाहीये. 1993 मध्ये इथल्या उजव्या विचारांची काय दशा झाली होती ते आमच्या राइडिंगमधले जुने लोक अजून सांगतात. सत्तेत असलेला प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष थेट 2 जागांवर आला. मग पश्चिमेत रिफॉर्म पक्ष वेगळा, पूर्वेत हे वेगळे, आणि मधल्या मध्ये लिबरलांनी ऑन्टॅरिओ जवळजवळ अख्खं तीन वेळा उचलून नेलं. 2003 च्या डिसेंबरात हार्पर आणि मॅके यांनी दोन पक्ष एक केले तेव्हा कुठे जीव आला. एकमेकांच्या तंगड्या ओढणाऱ्या लोकांना हार्पर यांनी एका ओळीत उभं केलं म्हणून 2006 ला सरकार आलं आणि 2011 ला स्पष्ट बहुमत. हे मी विसरत नाही.

पण त्याच हार्पर यांच्या काळात काय झालं तेही विसरत नाही. 2007 मध्ये नोव्हा स्कोशियाच्या बिल केसी यांनी बजेटविरुद्ध मत दिलं, कारण आपल्या प्रांताशी केलेला करार मोडलाय असं त्यांचं म्हणणं होतं. पक्षातून काढलं. पुढच्या वर्षी तोच माणूस अपक्ष उभा राहिला आणि 69 टक्के मतं घेऊन आला. लोकांना कळत नाही असं समजायचं का?

आणि 2013 चं ते प्रकरण. आपल्यापैकी कितीजणांना आठवतंय माहीत नाही, मला मात्र कायमचं लागलंय. मार्क वरावा नावाचे ब्रिटिश कोलंबियाचे आपलेच खासदार. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्याचा निषेध करावा असा त्यांचा ठराव होता. आपण महाराष्ट्रातून आलेल्या बायका आहोत, ह्या विषयाला किती घरांचं रडणं चिकटलंय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. वरावांना सभागृहात फक्त एक मिनिटाचं निवेदन करायचं होतं. पक्षाच्या व्हिपनं, म्हणजे खासदारांची शिस्त बघणाऱ्यानं, यादीतून नाव काढलं. एक मिनिट! गर्भपाताचा विषय उकरला तर पुढची निवडणूक जाईल ही हार्पर यांची भीती होती, आणि भीती अगदीच खोटी नव्हती. तरीही. एक मिनिट.

वरावांनी सभापतींकडे दाद मागितली. सभापतींनी निर्णय दिला की यादी ही सोयीसाठी असते, ज्या सदस्याला बोलायचंय त्यानं उभं राहावं, मी त्याला बोलायला देऊ शकतो. ते सभापती कोण होते? अँड्र्यू शीर. पुढे पक्षाचे नेते झालेले, आणि आज सभागृहात पक्षाचं कामकाज बघणारे तेच शीर. गेल्या महिन्यात दॉन्त्रमाँ गेला तेव्हा त्यानं मुलाखतीत सांगितलं की शीर आणि व्हिप त्याच्या ऑफिसात घुसून त्याच्यावर ओरडले, साप म्हणाले. पक्ष म्हणतो तो खोटं बोलतोय, उपसभापतिपद गेलं म्हणून चिडलाय. असेलही चिडलेला. पण 2013 चे ते शीर साहेब मला परत हवेत हो. "उभे राहा, मी बघतो" म्हणणारे.

लिहिता लिहिता राग माझा मा वरून भलतीकडेच गेला. जाऊ दे.

मला खरं दुखतं ते हे, की आपण नेता निवडतो तेव्हा बाकी सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे गहाण टाकतो. गेल्या वर्षी बातम्या आल्या होत्या, आपल्या एमपींनी स्वतःच्या शहरांसाठी घरबांधणीच्या केंद्रीय निधीची शिफारस करायची नाही असं नेत्याच्या ऑफिसनं बजावलं. का, तर आपण तो निधी बंद करणार म्हटलंय. बाई गं! महापौर येऊन सांगतोय आमच्याकडे घरं नाहीत, आणि निवडून दिलेला माणूस पत्रावर सही करायला घाबरतोय.

पॉलिएव्ह यांना मी 2022 मध्ये मत दिलं. पहिल्याच फेरीत 68 टक्के मिळाले होते, त्यातलं एक माझं, पंधरा डॉलर भरून सदस्य होऊन. घरांच्या किमतींबद्दल, भाड्याबद्दल, आपल्या मुलांच्या पिढीबद्दल ते जे बोलत होते ते दुसरं कोणी बोलत नव्हतं. आजही मला ते पटतं. 41 टक्क्यांवर मतं नेली त्यांनी, 1988 नंतर पक्षाला एवढी मिळाली नव्हती. हे त्यांचं यश आहे आणि ते नाकारणाऱ्यांशी मी भांडते.

पण 6 जानेवारीला लिबरल पंतप्रधान ट्रुडोंनी राजीनामा जाहीर केला तेव्हा आपण वीसेक टक्क्यांनी पुढे होतो. तीन महिन्यांत सगळं जग बदललं. ट्रुडो गेले, कार्बन टॅक्स गेला, ट्रम्प आला. आणि आमच्या हातातलं कार्ड तेच. पॉलिएव्ह ट्रम्पबद्दल बोललेच नाहीत असं नाही, बोलले, पण उशिरा, आणि दारावर उभ्या असलेल्या आमच्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही. इथेच, ऑन्टॅरिओत, फेब्रुवारीत प्रांताचे कॉन्झर्व्हेटिव्ह मुख्यमंत्री डग फोर्ड फक्त ट्रम्पपासून प्रांत वाचवतो एवढं सांगून बहुमतानं निवडून आले होते. त्यांचा प्रचार चालवणारा माणूस आपल्या प्रचाराची जाहीर चिरफाड करत होता. निवडणूक चालू असताना जाहीरपणे नको होतं बोलायला, ते चुकलंच त्याचं. पण आत बोलायला जागा होती का? आमच्या उमेदवाराला नव्हती. तो फक्त गाडीत बोलू शकत होता, खिडक्या बंद करून, माझ्याशी.

28 एप्रिलला आमचा उमेदवार पडला. पॉलिएव्ह स्वतः आपल्या कार्लटन मतदारसंघात पडले, 2004 पासूनची जागा. मग अल्बर्टाच्या डेमियन कुरेकनं आपली जागा सोडली, ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक होऊन ते परत आले. कुरेकच्या त्या त्यागाबद्दल मला आदर आहे. निष्ठा आपल्या लोकांत आहे, भरपूर आहे.

पॉलिएव्ह यांच्या आधीचे नेते एरिन ओटूल यांचंही आठवतं मला. 2 फेब्रुवारी 2022, खासदारांनी गुप्त मतदान करून 73 विरुद्ध 45 नं नेत्याला घरी पाठवलं. तेव्हा मला ते क्रूर वाटलं होतं. पण कारण काय होतं? कार्बन टॅक्सला विरोध करीन असं लिहून देऊन नेता झाले, आणि मग कॉकसला, म्हणजे पक्षाच्या खासदारांना, न विचारता स्वतःचाच कार्बन कर घेऊन आले. पुन्हा तेच, विचारलं नाही. ही ताकद खासदारांना मिळाली ती आपल्याच मायकेल चाँग यांच्या रिफॉर्म अ‍ॅक्टमुळे. वीस टक्के खासदारांनी सही केली की मतदान. मे महिन्यात आपल्या कॉकसनं ती तरतूद पुन्हा स्वीकारली. म्हणजे नेत्याला काढायचा हक्क आहे त्यांच्याकडे, पण दारात उभं राहून एका म्हाताऱ्या माणसाला उत्तर द्यायचा नाही. अशा घरात माणूस किती दिवस राहील? कोणी सही गोळा करेल, कोणी गुपचूप पलीकडे जाईल. मा गेला ते चूकच, मी वर म्हटलं ते मागे घेत नाही. पण तो जायच्या आधी काय बोलू पाहत होता, कोणी ऐकलं का, हे मला कोणीतरी सांगा.

2026 च्या जानेवारीच्या शेवटी कॅलगरीत पक्षाचं अधिवेशन आहे, पॉलिएव्ह राहणार की जाणार यावर मतदान आहे. मला ते राहायला हवेत. हे वाचून काहीजण चकित होतील, पण हो, राहायला हवेत, आणि बदलायला हवेत. आमच्या राइडिंगमधून जी मैत्रीण प्रतिनिधी म्हणून चाललीय तिला आज सकाळी फोन केला. मत कोणाला दे ते नाही सांगितलं, आजोबांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अगं, तिथे फक्त हो किंवा नाही एवढीच चिठ्ठी टाकायची असते." मी म्हटलं, मग जेवणाच्या रांगेत सांग. जो कोणी पुढे उभा असेल त्याला सांग.

निवडणुकीनंतर पाट्या गोळा करायला मीच गेले होते त्या गल्लीत. आजोबांनी आपली पाटी आधीच उपटून, चिखल पुसून, गॅरेजच्या भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. फेकून दिली नव्हती. ती उचलताना मी खिडकीकडे बघितलं, पडदा हलला, पण बेल वाजवायचं धाडस मला झालं नाही. काय सांगणार होते?

उद्या शनिवार आहे. पाटी नाही, यादी नाही, कार्ड नाही, नुसतीच जाणार आहे. मुलाचं काम परत सुरू झालं का, एवढं विचारून येते.